चुंबकाशिवाय अपूर्णांक

मोकळ्या इलेक्ट्रॉनावरचा विद्युतभार कधी अर्धामुर्धा सापडत नाही. तरीही 1982 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डॅनियल त्सुई, होर्स्ट श्टोर्मर आणि आर्थर गोसार्ड यांना गॅलियम आर्सेनाइडच्या नमुन्यात एक तृतीयांश भाराची खूण मिळाली. इलेक्ट्रॉन फुटत नाही, हे रॉबर्ट लाफलिन यांनी पुढच्याच वर्षी दाखवले. एकमेकांना टाळणाऱ्या असंख्य इलेक्ट्रॉनांची मिळून एक सामुदायिक अवस्था बनते आणि तिच्यात उठणारी खळबळ तृतीयांश भार घेऊन वावरते. 1998 चे नोबेल त्सुई, श्टोर्मर आणि लाफलिन यांना मिळाले. गोसार्ड मात्र बाजूलाच राहिले.

या प्रयोगाला निरपेक्ष शून्याजवळची थंडी लागते, आणि प्रचंड ताकदीचा चुंबकही. त्यांतला चुंबक 2023 मध्ये सुटला. वॉशिंग्टन विद्यापीठात शियाओदोंग शू यांच्या गटाने मॉलिब्डेनम डायटेल्युराइडचे दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवले. प्रत्येकाची जाडी तीन अणूंची, दोघांमधला कोन पावणेचार अंशांच्या आसपास. दोन मच्छरदाण्या किंचित तिरक्या धरल्या की मोठी नक्षी उमटते, तशी इथे सुमारे पाच नॅनोमीटरची नक्षी तयार होते. तिच्यात विद्युतकण जणू रेंगाळतात; त्यांच्या गतीपेक्षा आपसातले अपकर्षणच वरचढ ठरते. त्यांचे स्पिन आपोआप एका दिशेला वळतात आणि त्यांच्या ऊर्जापट्ट्याची भूमितीच चुंबकीय क्षेत्राचे काम करते. नक्षीच्या दर घराला दोन तृतीयांश कण या प्रमाणात भरणी झाली की बाहेरचे क्षेत्र शून्य असतानाही आडवा रोध सुमारे 38,700 ओमवर स्थिरावतो. हा आकडा मूळ क्वांटम रोधाच्या बरोबर दीडपट.

वाचताना सोपे वाटणारे हे काम हाताला फार चिवट आहे. हा पदार्थ हवेत खराब होतो, म्हणून पापुद्रे बंद पेटीत हाताळावे लागतात. शिवाय कोन नमुन्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा राहत नाही.

2024 मध्ये एमआयटीतील लाँग जू यांच्या गटाला बोरॉन नायट्राइडवरच्या पाच थरी ग्राफीनमध्येही 2/3, 3/5, 4/7 असे अपूर्णांक मिळाले. या क्रमाचा हिशेब भारतात जन्मलेले जैनेंद्र जैन यांनी 1989 मध्ये संयुक्त फर्मिऑनांच्या कल्पनेतून मांडला होता. अर्ध्या भरणीला त्याच संयुक्त कणांचा धातू बनल्याच्या खुणा या पदार्थांत दिसतात.