डोंगर मागे कसा सरकतो

(वसंत व्याख्यानमालेत बदलापुरातील मांजर्ली येथे दिलेले व्याख्यान)



आज इथे यायला निघण्याआधी मी गच्चीवर जाऊन आलो. चंदेरीचा सुळका दिसतो की नाही ते बघायला. दिसला, पण नुसता डाग. मे महिन्यातली धूळ आणि उल्हास खोऱ्यातली दमट हवा यांनी तो जवळजवळ पुसून टाकला होता. तावलीच्या डोंगराची कड फिकट राखाडी, आणि अलीकडची आंब्याची झाडं मात्र काळपट हिरवी, पान न् पान वेगळं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात हाच चंदेरी इतका पुढे येतो की आमच्या घरात म्हणतात, आज डोंगर अंगणात आलाय. डोंगर तर जागचा हलत नाही. मधली हवा बदलते. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या मधल्या हवेबद्दल, कारण छोट्या रेल्वेच्या मागे डोंगर उभा करताना मला जे काही साधलं ते तिच्यामुळे, आणि जे फसलं ते तिला विसरल्यामुळे.

छोटी रेल्वे म्हणजे काय, हे ज्यांना पुण्याच्या कोथरूडमधलं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नातवंडांना घेऊन जरूर जावं. तसली एक मांडणी माझ्या घरात एका भिंतीला लागून आहे. विषय आपलाच आहे : कल्याणहून कर्जतकडे जाणारा मार्ग. १८५६ साली कल्याण ते खोपोली गाडी सुरू झाली, तेव्हापासून ही रेघ आपल्या गावावरून जाते आहे, आणि कर्जतच्या दिशेने जाताना उजव्या खिडकीत डोंगरांची जी रांग सोबत करते ती जगातल्या कोणत्याही रेल्वेला हेवा वाटावी अशी आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता अडचण बघा. माझं प्रमाण एचओ, म्हणजे १ : ८७. बारा डब्यांची लोकल या मापात जवळजवळ तीन मीटर लांब होते. लांबी कशीबशी मिळते, भिंत लांब असते. खोली मिळत नाही. माझ्या टेबलाची रुंदी ६० सेंटिमीटर, कारण त्यापलीकडे हात पोचत नाही आणि पलीकडे गाडी घसरली तर उचलायची कशी? ६० सेंटिमीटर गुणिले ८७ म्हणजे ५२ मीटर. फलाट, रूळ, बाहेरची रिक्षांची रांग आणि दोन दुकानं, एवढ्यातच ५२ मीटर संपतात. चंदेरी इथून सरळ रेषेत सात किलोमीटर धरा. त्याला मापात बसवायचं तर भिंतीपलीकडे ८० मीटर जागा लागेल, म्हणजे शेजारच्या दोन-तीन सोसायट्या पाडाव्या लागतील. म्हणून ते सात किलोमीटर रंगाच्या एका थरात बसवायचे. हेच आमचं काम.

मांडणीच्या मागे लावायचा माझा पहिला पडदा मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत रंगवला. प्लायवर ऑइलपेंट. आकाश वरून खालपर्यंत एकसारखं निळं, डोंगर गर्द हिरवे आणि हातभर उंच, त्यांतून नागमोडी नदी, आणि टेबलावरचा रस्ता थेट पडद्यात शिरून दूर जाताना निमुळता होत गेलेला. रस्त्यावर मला फार अभिमान होता. शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलेलं यथार्थदर्शन मी मन लावून वापरलं होतं. पडदा बसवला, गाडी सुरू केली, आणि पत्नी म्हणाली, "अहो, हा डोंगर गाडीवर कोसळतोय." तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. डोंगर पुढे येत होता. आणि मी दोन पावलं डावीकडे सरकलो तर रस्ता भिंतीपाशी कोपरात मोडल्यासारखा वाकडा झाला.

असं का झालं हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि उत्तर रेल्वेच्या पुस्तकात मिळालं नाही, आपल्या नाटकात मिळालं. संगीत नाटकाच्या भराच्या काळात राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा असे रंगवलेले पडदे हे कंपन्यांचं वैभव होतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांचं नाव त्या कामात अग्रभागी होतं. अशा पडद्यांवर खांबांच्या ओळी आत आत जातात, फरशी मागे पळते, आणि प्रेक्षकाला महाल खरा वाटतो. पण तो कुठे बसलेला असतो? दहा-पंधरा मीटर लांब, आणि तिकीट काढून एका जागी. रेषांनी काढलेली खोली एका विशिष्ट जागेवरून बघितली तरच जुळते. मधल्या खुर्चीतल्या माणसाला ती पूर्ण मिळते, कडेच्याला थोडी कमी. इटलीत विचेन्झा गावात १५८५ मध्ये सुरू झालेलं तेआत्रो ओलिंपिको नावाचं नाट्यगृह आहे. त्याच्या रंगमंचामागे स्कामोत्सी या वास्तुकाराने लाकडाचे खरे रस्ते उभारले, मागे चढत जाणारे आणि घरं लहान लहान होत जाणारे. प्रेक्षागृहातून ते लांबलचक वाटतात. पण नट त्या रस्त्यात मागे गेला तर तो घरांपेक्षा मोठा दिसू लागतो. आमच्याकडे हेच गाडीचं होतं. काही मंडळी मागच्या बाजूला जवळजवळ अर्ध्या मापाची घरं ठेवतात, १ : १६० ची. युक्ती चांगली आहे, मीही वापरतो. पण त्या घरांच्या शेजारून १ : ८७ ची गाडी नेली की राक्षसाची गाडी होते. लहान घरांजवळ गाडी कधीही न्यायची नाही.

माझ्या मांडणीसमोरचा प्रेक्षक मात्र खुर्चीत बसत नाही. तो गाडीबरोबर चालतो, वाकतो, टेबलाला पोट टेकवून मीटरभरावरून बघतो. एवढ्या जवळून आणखी एक गोष्ट आड येते. आपल्याला दोन डोळे आहेत, आणि त्यांच्यातल्या अंतरामुळे जवळची वस्तू सपाट आहे की नाही हे मेंदूला लगेच कळतं. नाट्यगृहात पंधरा मीटरवर ही शक्ती बोथट होते. टेबलापाशी ती धारदार असते. म्हणून नाटकाच्या पडद्याची विद्या जशीच्या तशी उचलली की माझा रस्ता मोडला तसा मोडतो. हेच बाबूराव पेंटर पुढे सिनेमाकडे वळले, १९२० मध्ये 'सैरंध्री' केला, आणि रंगवलेल्या पडद्यांच्या जागी भरीव, चहूबाजूंनी घडवलेलं नेपथ्य आणलं. पडदा कुठवर चालतो आणि कुठे थांबतो हे ज्याच्या हातांना माहीत होतं त्यानेच तो खाली ठेवला, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

मग चालत्या प्रेक्षकासाठी काय उरतं? हवा उरते. रेषेची खोली एका खुर्चीपुरती असते, पण फिकेपणा डावीकडून बघा, उजवीकडून बघा, तसाच राहतो. लिओनार्दोने दूरच्या डोंगरांच्या निळेपणाविषयी पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलं होतं. आपल्याला ते गच्चीवरून फुकट शिकता येतं. सूर्यप्रकाशातला निळा भाग हवेच्या कणांवरून जास्त विखुरतो, आणि आपल्या व डोंगराच्या मधल्या सगळ्या हवेतला तो निळा-पांढरा उजेड डोंगराच्या रंगावर चढतो. सगळ्यात आधी काळोख नाहीसा होतो. जवळच्या आंब्याच्या सावल्या काळ्या असतात, तावलीच्या घळी निळ्या, आणि चंदेरीच्या घळी दिसतच नाहीत. म्हणून मागच्या डोंगरात काळा रंग थेंबभरही घालायचा नाही. हिरव्यात नुसता पांढरा मिसळला तर पिस्त्याच्या बर्फीसारखा रंग होतो. त्यात करडा आणि किंचित जांभळा लागतो. ऑइलपेंट तर नकोच, त्याच्या चकाकीत खोलीतला दिवा दिसतो आणि आकाशाची भिंत होते. मी भिंतीचा मॅट इमल्शन वापरतो. आकाश वर निळं आणि डोंगरामागे जवळजवळ पांढरं.

आता एक गोष्ट, जी मी इथेच, बदलापुरातच शिकलो. आपल्याला वाटतं डोंगर माथ्याकडे फिकट होत जात असेल, कारण माथा आकाशात मिसळतो. थंडीत सकाळी सातला बघा. माथा स्वच्छ असतो, पायथा गायब. धुकं, चुलींचा धूर, धूळ, सगळं खाली बसतं. त्यामुळे प्रत्येक डोंगर खालच्या बाजूला फिकट पाहिजे आणि वर रेघ थोडी ठळक. पुढच्या डोंगराची गडद कड मागच्याच्या फिकट पायथ्यावर येते, आणि दोघांमध्ये दरी आपोआप तयार होते. काही काढावं लागत नाही. मी हे ओल्या स्पंजाने पातळ पांढरा रंग पुसून करतो. एका डोंगराला दहा मिनिटं लागतात, आणि माझ्या सगळ्या वर्षांच्या कामातली ही दहा मिनिटं मला सर्वात मोलाची वाटतात.

उंचीचं सांगायचं राहिलं. उद्या गच्चीवर जा, हात सरळ पुढे धरा, चार बोटं आडवी करा. चंदेरी त्यामागे झाकला जातो. एवढा मोठा डोंगर, चार बोटं! मीटरभर लांबच्या पडद्यावर ही उंची जेमतेम दहा-बारा सेंटिमीटर भरते. मी हातभर रंगवला होता. मनात डोंगर मोठा असतो, डोळ्यांत लहान. पडदा डोळ्यांसाठी असतो.

टेबलाच्या उंचीलाही तसाच हिशेब आहे. जेवणाच्या टेबलाएवढी, ७५ सेंटिमीटरवर मांडणी ठेवली, तर दीड मीटरवरचा आपला डोळा ८७ च्या मापात ६५ मीटरवर जातो. विसाव्या मजल्यावरून बघितल्यासारखं. तिथून दिसतात छपरं आणि रूळ, डोंगर नाही. टेबल १३० सेंटिमीटरवर चढवलं की तोच डोळा १७ मीटरवर येतो, म्हणजे पाच मजली इमारतीची गच्ची. मांजर्लीत आपण नेमके तिथूनच जग बघतो. मुलांसाठी शेजारी एक पायरी ठेवायची.

आणि डोंगर आपला असू द्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात छापील पडदे मिळतात, त्यांवर बर्फाचे त्रिकोण असतात. सह्याद्री त्रिकोणी नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणून कडा, मग गवताचा आडवा पट्टा, पुन्हा कडा. मलंगगड पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, माथेरानचा माथा पट्टीने आखल्यासारखा सपाट आहे, आणि मध्येच चंदेरी किंवा नवरा-नवरीचे सुळके उठतात. या आडव्या पट्ट्या नुसत्या सुचवल्या तरी आपल्याकडचा माणूस पंधरा फुटांवरून ओळखतो. ऋतूही ठरवून घ्यावा लागतो. श्रावणातला हिरवा आणि मार्चमधला वाळक्या गवताचा पिवळा एकाच पडद्यावर नांदत नाहीत. पुढे पळस फुललेला असेल तर मागचा डोंगर धुरकट तपकिरीच पाहिजे.

टेबल आणि पडदा जिथे मिळतात ती फट मात्र कुठल्याही रंगाने जात नाही. ती झाकावी लागते. खऱ्या रेल्वेने सोय करून ठेवली आहे : रुळांकडेची भिंत, घाणेरीची झुडपं, मातीचा भराव, आणि पादचारी पूल. रस्ता पडद्यावर न्यायचाच नाही, एका चाळीमागे वळवून टाकायचा. वळणापलीकडे काय आहे ते बघणारा स्वतः पुरवतो. पडद्याचे कोपरेही गोल हवेत. काटकोनात सावली बसते, आणि आकाशाला कोपरा नसतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्ग-इतिहासाच्या दालनातल्या पक्षी-प्राण्यांच्या देखाव्यांपुढे एकदा निवांत उभे राहा. खरं गवत कुठे संपतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं ते शोधा. दिवा कुठून सोडलाय तेही बघा. दिवा बघणाऱ्याच्या मागे असला की झाडाची सावली आकाशावर पडते आणि सगळी मेहनत जाते.

कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाचे एक छायाचित्रकार होते. माँटेरे गावी घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारून रेल्वे केली, आरसे लावून रस्ते दुप्पट केले. १९७३ मध्ये ते गेले आणि थोड्याच दिवसांत ती मांडणी आगीत बरीचशी नष्ट झाली. आज ती छायाचित्रांत उरली आहे, आणि त्यांत अफाट, मैलोन्मैल पसरलेली दिसते. मी ती छायाचित्रं वर्षानुवर्षं बघून स्वतःवर नाराज व्हायचो. मग लक्षात आलं, कॅमेऱ्याला डोळा एकच असतो. दोन डोळ्यांनी चालत चालत बघणाऱ्याची परीक्षा निराळी आहे.

त्या परीक्षेसाठी मी अलीकडे डोंगर एकाच पडद्यावर रंगवायचं सोडलं आहे. पुठ्ठ्याचे तीन वेगळे डोंगर कापतो आणि एकामागे एक, दोन-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून लावतो. माणूस चालला की पुढचा डोंगर मागच्यावरून किंचित सरकतो, लोकलच्या खिडकीतून सरकतो तसा. दोन सेंटिमीटर म्हणजे मापात पावणेदोन मीटर, तेवढ्यात खरं तर काहीच मावत नाही. पण तेवढं सरकणं डोळ्याला पुरतं. दिवाळीत मुलं किल्ला करतात तेव्हाही हे करून बघण्यासारखं आहे. बालेकिल्ल्यावरचे मावळे पायथ्याच्या मावळ्यांपेक्षा लहान घ्या, आळीव खाली पेरा आणि वर नुसती माती ठेवा. किल्ला वाढलेला दिसेल.

ते तीन डोंगर मी आज सोबत आणले आहेत. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी, कमरेपेक्षा जरा उंच ठेवले आहेत, पुढे रुळाचा एक तुकडा आणि एक डबा आहे. सगळ्यात मागचा चंदेरी. त्याचा पायथा आज दुपारी पुन्हा पुसला, सुळका अजून मला हवा तेवढा लांब गेलेला नाही. आधी एक डोळा मिटून बघा, मग दोन्ही उघडून, आणि मग दोन पावलं बाजूला सरकून. कुठून बघताना तो पुढे येतो तेवढं मला सांगा.