किल्ली कोणाच्या हाती?



संगणकाचे यंत्र एकाचे आणि ते चालविणारी कार्यप्रणाली दुसऱ्याची, अशी वाटणी झाली की धनीपण कोणाकडे जाते? आयबीएमने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. १९८१ साली तिने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरविली आणि ती इतरांना विकण्याचा हक्कही स्वतःकडे राखला. पुढे तशी यंत्रे अनेकांनी बनविली. सत्ता मात्र प्रणालीच्या मालकाकडे गेली.

म्हणूनच डिसेंबर २००० मधील घोषणा महत्त्वाची. पुढील वर्षी लिनक्सवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च करण्याचे आयबीएमचे तत्कालीन प्रमुख लू गर्स्टनर यांनी जाहीर केले. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला होता. त्याच्या परवान्याची अट साधी आहे : कोणीही वापरावे, बदलावे, मात्र बदललेली आवृत्ती इतरांना देताना तिची मूळ आज्ञावलीही द्यावी.

आयबीएमने हा काही दानधर्म केला नाही. तिची कमाई यंत्रे व सेवा यांवर होती. आणि जी प्रणाली सर्वांना खुली आहे, ती कोणी प्रतिस्पर्धी अडवून धरू शकत नाही. २०१९ साली तिने ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट ही लिनक्सची सेवा देणारी कंपनी घेतली. कंपनी विकत मिळाली. लिनक्स सर्वांचेच राहिले.

आपल्या संस्थेसाठी, शाळेसाठी संगणक घेताना किमतीबरोबर एवढे अवश्य विचारावे : उद्या दुरुस्तीसाठी, बदलासाठी एकाच दारी हात जोडून उभे राहावे लागेल काय?