फाट्यावरची गाळणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाकडं वळण्याआधी एका गाडीबद्दल बोलतो. कासारवाडीला, नाशिक फाट्याजवळच्या एका गॅरेजात आपल्या एका कार्यकर्त्याबरोबर उभा होतो. त्यानं २०२१ ची जुनी डिझेल गाडी घेतलेली. गाळणी तुंबल्याचा पिवळा दिवा लागला होता. मिस्त्री म्हणाला, "दादा, फिल्टर कापून टाकू. आतलं काढायचं, डबा परत वेल्ड करायचा, कॉम्प्युटर गप्प करायचा. कटकट संपली."

या फाट्यावरून पुढं चाकण, आंबेठाण. शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन उभं केलं ते तिकडंच. नियम मोडायचं आपल्याला भय नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोली जहांगीरला एचटीबीटी पेरलं ते जाहीर करून, गुन्हे अंगावर घेऊन. पण ते आपल्या रानात. गाडीचा धूर मागच्या सायकलवाल्याच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणारा ठरवला. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गेलेली पोरं कुणाची? आपलीच ना?

आता ही गाळणी काय ते ऐका. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, त्याबरोबर डिझेल मोटारींना ती लागली. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं असलेली भाजलेली वीटच म्हणा. एक घर पुढून बंद, शेजारचं मागून. धूर भिंतीतून झिरपतो, काजळी अडकते. आतली उष्णता ६०० अंशांच्या आसपास गेली की काजळी जळून जाते. त्यासाठी गाडी १५-२० मिनिटं एका लयीत पळावी लागते. आपण घर ते बाजार, बाजार ते घर. चूल धगायच्या आत विझवतो. भलतं ऑइल घातलं तर त्याची राख साचते, ती जळतच नाही, गाळणी उतरवून साफ करावी लागते. इंजेक्टर गळत असेल, टर्बो ऑइल पीत असेल, तर नवी गाळणीही तुंबेल. आधी दुखणं शोधा.

गाळणीच्या आधी कॅटॅलिस्ट असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम. कापलेला माल गॅरेजातच राहतो, त्याला भंगारात भाव आहे. म्हणजे हमाली आपण भरायची आणि मालही ठेवून यायचा! बाजार समितीत शिकलो नाही का आपण हे? शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

भांडायचं तर नव्या गाळणीच्या किमतीवर भांडू, तालुक्याला सफाईची सोय मागू. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागलेत.

त्या दिवशी आम्ही काही कापलं नाही. चाकणच्या कोंडीत गाडी पळणार कुठं? देहूरोडवरून द्रुतगती मार्गाला लागलो; लोणावळ्याच्या अलीकडं दिवा विझला. दिवा लाल झाला असता तर मात्र असं पळवून भागलं नसतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी गार सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावं. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळजवळ कोरडं, स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर खाली वाकून डब्यावरचं वेल्डिंग बघा, आणि मग भाव करा.

आता कापसाकडं येऊ.