विश्वासाचा कस कुठे लागतो?



मेळाव्याच्या अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसावे, अशी आपली रीत. आज ती मी मोडणार आहे.

'पोटासाठी बाटले' हा टोमणा आपण ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. त्याला उत्तर आपल्या पूर्वजांनी कधीच दिले आहे. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. तुकोबांच्या देहूच्या वेशीवर राहणाऱ्या आपण तरी हे विसरू नये. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घरदार, जात, गोत सारे दुरावले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यामागे मुकाट गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, सोवळ्याओवळ्याशी स्वतः झगडल्या आणि मनाला पटल्यावरच ख्रिस्ती झाल्या. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरीही सोडली. पोटासाठी आलेला माणूस पगार सोडतो का?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण बिशप सांगतात म्हणून मान तुकवायला त्यांनी नकार दिला. पुरोहितांचे एक जोखड फेकले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी आपल्याला धर्ममार्ग दाखवणाऱ्या जोगिणीलाच ठणकावले. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या आश्रमशाळेवर धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. दुष्काळात निराधार झालेल्या बायकामुलींना त्यांनी केडगावात आसरा दिला.

आणि आपण? आपल्या साक्षीच्या सभांत व्हिसा मिळाला, फ्लॅट झाला, नोकरी लागली, एवढेच ऐकू येते. मग चाकणच्या ज्या कंत्राटी कामगाराला उद्या गेटवरून परत पाठवतील, त्याचा विश्वास खोटा ठरला काय? तो त्या रात्री प्रार्थनेला बसला, तर त्याची साक्ष मला सर्वांत मोठी वाटेल. तिला व्यासपीठ कोण देणार?

त्याहून कडू बोलतो. प्रभुभोजनाला एका मेजाशी येणारी आपली माणसे सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतात. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजातल्या या जातिभेदावर नेमके बोट ठेवले होते. त्यांनी याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी, नाताळच्या दिवशी, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आपण नाताळ साजरा करतो, तेव्हा जातिभेदाचा हा प्रश्नही आपल्या दाराशी उभा असतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर राहिला. शीख बांधवांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, आपल्याला नाहीत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण सरकारकडे समतेची मागणी करणाऱ्याने ती आधी स्वतःच्या घरात आणावी.

म्हणून मागणे मागतो. मुलामुलींची लग्ने ठरवताना जात विचारणे आजपासून बंद करा. शंका विचारणाऱ्या तरुणाला अविश्वासी म्हणून गप्प बसवू नका, रमाबाईंना कोणी गप्प बसवू शकले नव्हते. आणि नोकरी गेलेल्याच्या घरी रविवारच्या आत जा. जो विश्वास काहीच सोडायला तयार नाही, तो अजून तपासलाच गेलेला नाही.