ग्रंथालयातील मुलांचे लेखनवाचन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अधिकार असलाच तर तो इतकाच, की सारी हयात खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांच्या सहवासात गेली. आज येथे टक्केवारीचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु जिची टक्केवारी काढता येत नाही अशा एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेली दोन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेरा ते अठरा वर्षांची मुले-मुली जमतात आणि स्वतः लिहिलेले कागद एकमेकांस वाचून दाखवितात. सर्व जातिधर्मांची मुले असतात. आपल्या ज्ञातीचीही पाच-सहा आहेत. या उपक्रमाविषयी आपल्यापैकी काहींच्या मनात किंतु आहे, हे मी जाणतो. म्हणूनच आज हा विषय घेतला.

पहिला किंतु वयाचा. या वयात लेखन कसले, असे विचारले जाते. आपल्या मराठीत तरी हा प्रश्न शोभत नाही. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा परंपरेच्या गणनेप्रमाणे माउलींचे वय पंधरा वर्षांचे होते. मुक्ताबाई तर त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्या अलौकिक विभूती होत्या, त्यांचे उदाहरण आम्हां प्रापंचिकांस लागू नाही, असे कोणी म्हणेल. मान्य. मग बालकवींचे घ्या. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा मुलगा आपली कविता म्हणावयास उभा राहिला, आणि त्याच संमेलनात त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. सभेत बसलेल्या थोरामोठ्यांनी ‘आधी शिक्षण पुरे कर’ असे म्हणून त्याला खाली बसविले असते तर? पुढे १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वेच्या अपघातात ते गेले. त्यांच्यापाशी प्रौढपणाची वाट पाहण्याइतका काळच नव्हता. परदेशात ॲन फ्रँक या मुलीला तेराव्या वाढदिवशी एक वही मिळाली. ती रोजनिशी १९४७ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वाचली गेली. लिहिणारी मात्र छळछावणीत मरण पावली होती.

दुसरा किंतु वेळेचा, आणि तो अधिक खरा आहे. लातूर पॅटर्नची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. दहावी झाली की मूल लातुरास किंवा नांदेडास शिकवणीला ठेवावे, खोली घ्यावी, डबा लावावा, यासाठी पालक जमिनीचा तुकडाही विकतात. मी त्यांस नावे ठेवणार नाही. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला दुसरी शिडी कोणती? परंतु त्याचा परिणाम ग्रंथालयावर काय झाला तोही पाहावा. गावोगावच्या ग्रंथालयांतून अभ्यासिका भरून वाहतात, आणि शेजारच्या कपाटांची कुलुपे मात्र आठवडाभर निघत नाहीत. मुले आपलीच गाईड-पुस्तके घेऊन येतात व तीच घेऊन परततात. महिन्यातला एक रविवार, दोन तास, एवढ्याने कोणाचा वैद्यकीय प्रवेश हुकत नाही. शिवाय ज्या नांदेडात आपण मुले धाडतो, त्याच नांदेडचे प्राचार्य नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले होते, हेही पालकांस ठाऊक असावे. त्यांना घडविले ते अफाट वाचनाने.

आता तिसरा किंतु. तो उघड बोलला जात नाही, तरी सारा रोष तेथेच आहे.

गेल्या वर्षी अकरावीतील एका मुलीने चार पाने वाचली. लातूरच्या खोलीचे भाडे, डब्यातली गार भाकरी, आणि शिकवणीची फी भरण्यासाठी आईने सोनाराकडे ठेवलेल्या पाटल्या, असा तो मजकूर. दिवाळीत आईचे मोकळे हात पाहून ती जेवली नाही, एवढेच शेवटी होते. नाव कोणाचेही नव्हते, परंतु गाव लहान. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कानी गेले. घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली, म्हणून त्यांनी तिचे येणे बंद केले. ते गृहस्थ कष्टाळू आणि मानी आहेत. त्यांचे दुःख मी हलके लेखत नाही. मी त्यांच्या घरी गेलो. वाद घातला नाही. त्या चार पानांची प्रत तेवढी त्यांच्या हाती दिली. तोवर त्यांनी ती वाचलीच नव्हती, केवळ ऐकली होती. तीन महिन्यांनी मुलगी पुन्हा येऊ लागली. तिच्या आईने ती पाने देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवली आहेत, असे कळते.

यातूनच आम्ही काही मर्यादा ठरविल्या. खरी नावे लिहावयाची नाहीत. ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही. कोणी वाचीत असता हसावयाचे नाही. आणि आम्हां मास्तर मंडळींसाठी खास: तांबडी पेन्सिल दाराबाहेर ठेवावयाची! ‘करलालो’, ‘येलालो’ असे लिहिणारा मुलगा अशुद्ध लिहीत नसतो, तो आपल्या आईसारखे लिहीत असतो. देगलूर-बिलोलीकडच्या मुलांच्या कागदांत तेलुगू शब्द येतात, उदगीर-निलंग्याकडच्यांच्या कागदांत कानडी. येऊ द्यावेत. प्रमाण मराठी त्यांस शाळेत शिकविली जातेच.

आणखी एक सांगतो. निजामाच्या राजवटीत ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. शिक्षणाचे माध्यम उर्दू. अशा काळी मराठी पुस्तकांचे एखादे कपाट हेच लोकांच्या एकत्र जमण्याचे निमित्त होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो धाक गेला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानही आले. २०२२ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन आपल्या उदगिरास भरले, तेव्हा केवढी गर्दी लोटली! त्या मंडपात बसण्यास आपण उत्सुक असतो. गावच्या ग्रंथालयात पंधरा मुले वाचतात, तेथे मात्र एकही पालक फिरकत नाही.

मंडळापुढे माझी मागणी फार मोठी नाही. सत्काराच्या शाली आणि स्मृतिचिन्हे यांवर होणाऱ्या खर्चाचा निम्मा भाग यंदा ग्रंथालयाला द्यावा. त्यातून वह्या, दोन पंखे आणि पंधरा खुर्च्या होतील. तो पैसा केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी अशी अट घालू नये. तशी अट घातल्यास ग्रंथपाल तो घेणार नाहीत, आणि मीही त्यांना घेऊ देणार नाही. पावसाळ्यात बैठक तीनऐवजी दोनला सुरू करावी, म्हणजे बाहेरगावच्या मुलींना उजेड आहे तोवर एस.टी. मिळेल. पुढची बैठक येत्या दुसऱ्या रविवारी आहे. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी मागच्या बाकांवर बसावे आणि चपला बाहेर काढाव्यात.