परदेशी विद्येसाठी तारण कोणाचे?

(जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांपुढील भाषण)



हिरड्याचा भाव, धरणग्रस्तांचे पुनर्वसन, आश्रमशाळांची दुरवस्था हे प्रश्न उभे असताना अमेरिकेतील उच्च शिक्षणाची भाषा कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्ञानाच्या वरच्या पायऱ्या कोणासाठी राखून ठेवल्या जातात हा वर्गीय प्रश्नच आहे, आणि त्याची मुळे याच डोंगरांतील जमिनीत आहेत.

तेथील विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते, एम.एस.चा खर्च मात्र बहुतेकांना स्वतःच उचलावा लागतो. व्हिसासाठी अर्ज करण्यापूर्वीच पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच, तेही आवारातच, काम करता येते. गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही निकाल लागतो तो बँकेच्या पुस्तकावर.

आपल्याकडे साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास सर्वसाधारणपणे तारण लागते. नारायणगाव-मंचरच्या बागायतदाराजवळ ते असते. पश्चिमेकडील महादेव कोळी वा ठाकर कुटुंबाजवळ असतात ती डोंगरउताराची भातखाचरे. तालुक्याला ज्याचे नाव, ते जुने आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. शिवाय आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण न्याय्यच आहे. 1870 च्या दशकात होनाजी केंगले याच परिसरात ज्या सावकारशाहीशी लढले, तिला घातलेला तो बांध आहे. तो सैल करू पाहणाऱ्यांना ठाम विरोध झालाच पाहिजे. परंतु लिलावात सहज न निघणारी जमीन बँकेच्या लेखी कमी मोलाची ठरते. शेत वाचवणाऱ्या कायद्याची किंमत घरातल्या मुलीने शिक्षण सोडून का मोजावी? जमीन विकू नये असे समाज म्हणत असेल, तर तारणही समाजानेच दिले पाहिजे.

याला आधार आहे. 1913 साली बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकू शकले. तिची मुदत संपताच 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांचे कर्ज जोडून 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या प्रज्ञेचा माणूसही पैशाअभावी अडला. प्रज्ञा कमी नव्हती, व्यवस्था अपुरी होती.

आज संस्थानांच्या जागी प्रजासत्ताक आहे. तरी 2011 च्या जनगणनेनुसार 10 कोटींहून अधिक असलेल्या आदिवासींसाठी केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला 20! अनुसूचित जाती आदींसाठीच्या योजनेत 2025 साली निवडलेल्या 106 जणांपैकी 40 जणांनाच आरंभी पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधीची वाट पाहण्यास सांगण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने संशोधन अनुदानांना कात्री लावली आणि काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश घटवले. तेथील दार अरुंद होत असताना येथील आधारही डळमळावा, याचा अर्थ श्रीमंतांच्या मुलांनीच शिकावे असा होतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. शिष्यवृत्तीच्या जागा व निधी वाढवावा. निवड होताच, सत्रारंभापूर्वी रक्कम हाती पडावी. भूमिहीन, धरणग्रस्त व आदिवासी विद्यार्थ्यांच्या कर्जाला शासनाने हमी द्यावी. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात या योजनांची माहिती व अर्जाचे साहाय्य मिळावे. आणि कार्यकर्त्यांनी ही माहिती आश्रमशाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवावी.

शिष्यवृत्ती ही कृपा नव्हे. ज्यांची जमीन धरणाखाली गेली, त्यांचे समाजाकडे असलेले ते येणे आहे. ते वसूल केलेच पाहिजे.