मैदान गावाचे, पडदा कोणाचा?

(पंढरपूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



आषाढी एकादशीच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा दूरदर्शनवरून घरोघर पोहोचते. वारी सरली की कॅमेरे परततात आणि पंढरपूर पडद्यावरून नाहीसे होते. उरलेले वर्षभर शाळांच्या मैदानांवर कबड्डी, खो-खो, बास्केटबॉलचे सामने होतात. मैदानाच्या कडेला जे उभे असतील तेवढेच त्यांचे प्रेक्षक. हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटतो. वस्तुतः तो मालकीचा आहे.

प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये दिला. तो खटलाही क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरूनच उभा राहिला होता. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. मोठ्या सामन्यांची सोय झाली. तालुक्याच्या खेळाडूला त्यातून काहीच मिळाले नाही. 2014 साली व्यावसायिक कबड्डीची लीग सुरू झाली. मातीतला खेळ गादीवर गेला, त्याला बाजारभाव आला. परंतु गावचे मैदान होते तेथेच राहिले.

ज्या अमेरिकेला भांडवलशाहीची पंढरी मानले जाते, तेथे काय घडले? बास्केटबॉलचा जन्म तेथलाच, 1891 सालचा. केबल कंपन्यांच्या तारा सार्वजनिक रस्त्यांवरून जातात, म्हणून नागरिक, शाळा व स्थानिक प्रशासन यांच्यासाठी वाहिन्या राखून ठेवण्याची अट घालण्याचा अधिकार तेथील नगरसंस्थांना 1984 च्या कायद्याने मिळाला. अनेक गावांत अशा वाहिन्यांवरून शाळकरी मुलामुलींचे बास्केटबॉलचे सामने दाखवले जातात. 2023 साली प्रादेशिक क्रीडावाहिन्या चालवणाऱ्या एका बड्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी फिनिक्सच्या व्यावसायिक संघाने आपले सामने विनाशुल्क दिसणाऱ्या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांकडे दिले. पैसे मोजणाऱ्यापुरताच खेळ ठेवला तर प्रेक्षक आटतो, हे भांडवलालाही उमगले.

भारतात दूरदर्शनची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे बंद झाली. छपरावरचा जुना अँटेना निरुपयोगी ठरला. केबल आणि डिश तेवढी उरली. मात्र केंद्र शासनाने 30 नोव्हेंबर 2022 रोजी केबल कंपन्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत स्थानिक कार्यक्रमांकरिता प्रत्येक जिल्ह्यामागे दोन जादा वाहिन्यांना मुभा आहे. नोंदणीचे शुल्क वाहिनीमागे अवघे 1000 रुपये. दार किलकिले झाले आहे. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. ही जागा जाहिरातींनी आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांनी भरून गेली, तर दोष केवळ केबलवाल्याचा राहणार नाही. गप्प बसणाऱ्यांचाही असेल.

म्हणून मागणी नेमकी हवी. आठवड्यातील एक संध्याकाळ शाळांच्या व गावोगावच्या खेळांसाठी राखावी. मुलींच्या सामन्यांना मुलांइतकाच वेळ मिळावा. शाळेकडून वा मंडळाकडून एक पैसाही घेऊ नये. नगरपालिकेच्या रस्त्यांचा वापर करणाऱ्या कंपनीने याची हमी जाहीरपणे द्यावी.

‘हे पाहणार कोण?’ असे विचारले जाईल. दिवसभर शेतात खुरपणी करणाऱ्या आईला लेकीचा सामना पाहायला मैदानावर जाता येत नाही, ती पाहील. ‘पुरे झाले आता खेळणे’ म्हणणारा चुलता पाहील, आणि कदाचित पुढच्या वेळी तसे म्हणण्यापूर्वी थांबेल. एक कॅमेरा आणि खेळ जाणणारा एखादा शिक्षक समालोचनाला, एवढ्यावर हे काम उभे राहू शकते.

याच पंढरपुरात 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. त्या लढ्याशी या मागणीची बरोबरी कोणी करणार नाही. परंतु त्या लढ्याची शिकवण येथेही लागू आहे: जे सर्वांचे आहे ते कृपा म्हणून मागायचे नसते, हक्क म्हणून मागायचे असते. कार्यकर्त्यांनी मैदानांची व सामन्यांची यादी करून नगरपालिकेच्या दारात जावे. आरंभ तेथूनच होईल.